शिडीला मागणी फार

माझ्या नावापुढे बी.ए. आधी लागलं आणि मी बी.ए. नंतर झाले. मधली बरीच वर्षं ती दोन अक्षरं दारावरच्या पितळी पाटीवर बसून माझी वाट बघत होती.

याला जबाबदार माझे सासरे. मामंजी छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उभा जन्म गेलेला माणूस. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षा लग्नाच्या आधी आटोपणार होती. सून पदवीधर येणार या आनंदात त्यांनी लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे बी.ए. छापून घेतलं आणि त्याच हौसेनं दारासाठी पाटीही कोरून आणली. परीक्षा मी दिली, पासही झाले. राहिलं फक्त प्रात्यक्षिक. ते सादर करायची तारीख आणि लग्नाची तारीख एकच आली, आणि मी लग्नाला गेले.

नंतर करू, नंतर करू म्हणताना संसार सुरू झाला, आणि त्याची प्रात्यक्षिकं काही संपेनात. पाटी मात्र रोज घासूनपुसून लख्ख. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि मला जरा सांभाळून बोलायचा. मला त्याचं फारसं काही वाटत नसे, माणसाला खोट्या मानाची सवय लवकर होते. जीव खाल्ला जात होता तो मामंजींचा. बाहेर पडताना ते पाटीकडून मान वळवून चालत. एकदा मला म्हणाले, "सूनबाई, छापलेलं चुकलं तर शुद्धिपत्र देता येतं. पितळेवर कोरलेल्याचं काय करायचं? माझ्या हातून सुटलेली ही एकच चूक आहे बघ." त्यांचं वय झालं होतं. मी म्हटलं, करते. आणि विद्यापीठात गेले.

विद्यापीठाच्या खिडकीमागे एक कारकून होता. त्याच्यापुढे छापील पत्रक होतं, "अर्थशास्त्राच्या पदवीसाठी आवश्यक बाबी" असं वर लिहिलेलं. तो एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत, गाण्याच्या तालात वाचत गेला. अनिवार्य विषय, झाले. ऐच्छिक विषय, झाले. भाषा, झाली. संख्याशास्त्र, झालं, काठावर का होईना पण झालं. मी सुखावून विचारलं, "मग राहिलं काय?"

"पदवी," तो म्हणाला.

प्रात्यक्षिकाच्या ओळीपुढची जागा कोरी होती. ती कोरी असेपर्यंत बाकीच्या सगळ्या ओळी भरूनही रिकाम्या, असं त्यानं मला समजावलं. वर आणखी एक बातमी दिली. जुना अभ्यासक्रम यंदा बंद होत होता. या सत्रात प्रात्यक्षिक दिलं तर ठीक, नाहीतर पहिल्या वर्षापासून पुन्हा. नव्या अभ्यासक्रमात माझे अर्धे विषयच राहिले नव्हते. "म्हणजे मी जे शिकले ते आता नाहीच?" मी विचारलं. तो म्हणाला, "आहे, पण चालत नाही."

प्रात्यक्षिक ऐकायला अगदी साधं होतं. एखादी वस्तू घ्यायची, तिची किंमत पायरीपायरीनं वाढवायची, मागणी कशी कमी होते ते नोंदवायचं आणि त्याचा आलेख काढायचा. किंमत चढली की मागणी उतरते, हा अर्थशास्त्राचा पहिला नियम. आलेख डावीकडून उजवीकडे घरंगळत यायला हवा. तपासायला जे प्राध्यापक होते त्यांना मुलं 'उतारसर' म्हणत, कारण त्या उताराशिवाय ते दुसरं काही बोलतच नसत. आमच्या वेळची सगळी मुलं कांद्याचा एकच आलेख वर्षानुवर्षं एकमेकांचा उतरवून देत. मलाही तो मिळाला असता. पण घरात मुद्रितशोधक असताना नक्कल करायची सोय नव्हती.

वस्तू कोणती घ्यावी यावर आमच्या इमारतीच्या जिन्यात चर्चासत्रच भरलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या टेलरमास्तरांनी गुंड्या सुचवल्या. पहिल्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी, वेळ ही एकच वस्तू खरी, असं काहीतरी सांगून सगळ्यांना गप्प केलं. तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई एकट्या राहत. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन घ्या. फुकट दिलं तरी मागणी नाही, तुमचा आलेख आपोआप पडेल."

मी मात्र शिडी निवडली. आमच्याकडे एक लाकडी शिडी होती, घडीची, रंगाऱ्यानं काम अर्धवट सोडून पळ काढला तेव्हा मागे ठेवलेली. अख्ख्या इमारतीत ती एकच. दिवा बदलायचाय, माळ्यावरचं काढायचंय, जाळी झाडायचीय, की आमची कडी वाजलीच. आमचे हे ती खांद्यावर घेऊन मजला चढायचे, वर जाऊन धरून उभे राहायचे आणि पुन्हा घेऊन यायचे. शिडीला मागणी होती आणि किंमत शून्य होती. असा विषय पुस्तक लिहिणाऱ्यालाही सापडला नसता.

पण किंमत लावायची म्हटल्यावर हे उखडले. "शेजाऱ्यांकडून शिडीचं भाडं? उद्या ते माझ्याकडे जिन्यातून चढण्याची पावती मागतील." पैशाचं नावही काढायचं नाही, हे ठरून गेलं. मी पत्रक पुन्हा वाचलं. त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की किंमत पैसा, वस्तू किंवा श्रम अशा कोणत्याही रूपात चालेल. त्या वेळी माझ्यापुढे मटारच्या शेंगांचा ढीग होता आणि नखं दुखायला लागली होती. मोठमोठे शोध असेच लागत असावेत.

नियम असे केले. शिडी ज्यानं त्यानं स्वतः न्यायची आणि आणून द्यायची, हे धरायला येणार नाहीत. आणि दर खेपेला किंमत म्हणून माझ्या स्वयंपाकघरात बसून वाटीभर मटार सोलून द्यायचे.

पहिले आले टेलरमास्तर. त्यांनी शिडी घरात नेऊन टेकवली आणि येऊन चटईवर बसले. कापडावर चालणारी बोटं ती, शेंगा उसवल्यासारख्या उघडत गेल्या. वाटी भरली तरी उठेनात, कारण गिऱ्हाइकांच्या मापांच्या गोष्टी निघाल्या होत्या. मग काका आले. ते एकेक दाणा भिंगातून बघावा तसा बघत. नर्सबाई शिडी घेऊन तीन जिने चढल्या, धापा टाकत खाली आल्या आणि मटार सोलता सोलता मला दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नकला करून दाखवल्या. मी हसत होते आणि मागणी टिपून ठेवत होते.

ठरल्याप्रमाणे मी किंमत वाढवली. वाटीचं ताट केलं. मागणी वाढली.

मला वाटलं, काही चुकलं. ताटाचं सूप केलं, तेही शिगोशीग. मागणी आणखी वाढली. टेलरमास्तर एकाच भिंतीवरचा एकच खिळा काढायला आणि परत ठोकायला शिडी नेऊ लागले. काकांच्या घरातला दिवा कधी नव्हे इतका पुसला जाऊ लागला. नर्सबाई आठवड्यातून एकदा का होईना, त्या अवजड धुडासकट वर जायच्या आणि यायच्या. एकाची शिडी परत यायच्या आत दुसरा येऊन बसलेला असे, आपला नंबर लागेपर्यंत किंमत आगाऊ देऊन ठेवत असे. चटई पुरेना, तेव्हा मी सतरंजी काढली.

आणि मटार. एवढी गिऱ्हाइकं आली की तेवढ्या शेंगा घरात हव्यात, म्हणून हे मंडईतून पिशव्यांवर पिशव्या आणू लागले. भाजीवाल्याला वाटलं, आमच्याकडे कार्य आहे. त्यानं आडून आडून मुलीचं की मुलाचं असंही विचारलं. सोललेल्या दाण्यांचं करायचं काय? सकाळी मटार, दुपारी मटार, यांच्या डब्यात मटार. ऑफिसात यांच्या डब्याभोवती पूर्वी लोक जमायचे ते पांगले. मामंजी ताटातले दाणे एकेक वेचून कडेला ओळीत लावून ठेवत, पानावरच्या चुकांवर खूण करावी तसे. एके दिवशी हे जेवता जेवता थांबले आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या पदवीला माझा विरोध नाही. पण ती मी रोज दोन वेळा खातोय."

तरी मी आलेख काढला. प्रामाणिकपणे काढला. रेघ डावीकडून उजवीकडे निघाली आणि पतंगासारखी वर गेली. उतारसरांनी तो कागद हातात घेतला, सरळ धरला, उलटा धरला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बाई, हे नियमाच्या विरुद्ध आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, पण असंच झालं. ते म्हणाले, असं होत नसतं. लाल शाईनं 'पुन्हा करा' असं लिहून त्यांनी कागद परत दिला. सत्र संपायला थोडेच दिवस उरले होते.

घरी येऊन मी कागद तसाच टेबलावर ठेवला. मामंजींनी लाल शाई बघितली. त्या रंगाची ओळख त्यांना माझ्यापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी ते टेलरमास्तरांच्या दुकानात जाऊन बसले आणि सगळं सांगून आले. मागणी कमी झाली नाही तर सूनबाईची पदवी गेली, आणि मागणी वाढवणारे तुम्हीच.

संध्याकाळी जिन्यात पुन्हा सभा भरली. मला बोलावलं नव्हतं, पण आमचं दार जिन्यालाच लागून असल्यामुळे ऐकू येत होतं. आपल्यामुळे बाईंचं नुकसान झालं, असं काका गहिवरून म्हणाले. ठराव झाला की आजपासून सत्र संपेपर्यंत कोणीही शिडीला हात लावायचा नाही, काही झालं तरी.

काही व्हायचं ते लगेच झालं. काकांच्या खोलीतला दिवा गेला. एवढे दिवस पुसून पुसूनच तो गेला असावा. दिवा बदलायला शिडी हवी, आणि शिडी घ्यायची नाही. काका खिडकीशी उजेडात बसून घड्याळं दुरुस्त करू लागले, आणि ऊन सरकेल तसा त्यांचा पाटही सरकू लागला. गिऱ्हाइकांची घड्याळं अडकून पडली. टेलरमास्तरांनी वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला स्टुलावर स्टूल ठेवलं आणि दोन्ही स्टुलांसकट खाली आले. नर्सबाईंनी त्यांचा पाय बांधून दिला. मी शिडी घेऊन दोघांच्या दारात गेले, विनवण्या केल्या. टेलरमास्तर पाय उशीवर ठेवून म्हणाले, "वहिनी, आत्ता शिडी घेतली तर हा पाय फुकट मोडला म्हणायचा."

मटार मात्र घरात पडून होते. ते वाया जायला नकोत, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. शिडी नाही, किंमत देण्याचा प्रश्न नाही, तरी सगळे येऊन सतरंजीवर बसू लागले. नर्सबाई तर रोज. कामावरून आल्या की चप्पल वर न्यायच्या आधी आमच्याकडे.

नवा आलेख मी दिला. किंमत सर्वांत जास्त आणि मागणी शून्य. आता तरी उतार पुरेसा होता, उतार कसला, कडाच होता. सरांनी कपाळाला हात लावला. "आधी आकाशात जाते आणि मग एकदम दरीत? बाई, मी तुमच्या घरी येऊन बघतो."

ते दुपारचे आले. दारात पाटीपुढे थांबले. पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मामंजी त्यांच्या मागे भिंतीला चिकटून उभे होते, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या मुलासारखे. सर चप्पल काढून आत आले. मला वाटलं, संपलं.

आत सगळे हजर. मला मदत करायची म्हणून आले होते, हेच माझं दुर्दैव. टेलरमास्तर बांधलेला पाय सगळ्यांना दिसेल असा पसरून, काका डोळ्यांवर ताण पडल्यामुळे कपाळाला ओला रुमाल लावून. सर बसायच्या आत नर्सबाई खड्या आवाजात म्हणाल्या, "मला शिडी नकोच. परवडत नाही." काका म्हणाले, "छे, छे, महागाई फार." हे दाराआड गेले. यांना हसू आलं की रडू, हे मला पुढे कधी विचारायचं सुचलं नाही.

सर खाली सतरंजीवर टेकले. त्यांच्यापुढे कोणीतरी सवयीनं सूप सरकवलं. त्यांनीही, न बघता, एक शेंग उचलून दाबली. दाणे पडले. दुसरी उचलली. मी त्यांना मागणीचे आकडे सांगत होते आणि ते सोलत होते. काकांनी त्यांचं मनगटावरचं घड्याळ किती मागे आहे ते सांगितलं, टेलरमास्तरांनी कोटाची बाही एका बाजूला आखूड असल्याचं दाखवलं. सर चिडले नाहीत. त्यांच्या घरी कोणी वाट बघत नसावं, असं मला उगाच वाटून गेलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. एवढी जड शिडी दर आठवड्याला वर नेत होता, ती कशासाठी?"

नर्सबाई शेंगेतला दाणा अंगठ्यानं पुढे ढकलत म्हणाल्या, "माझ्या घरात उंचावर ठेवायला आहे काय? भिंतीला टेकवून ठेवायचे आणि परत आणायचे. नुसतं बसायला कसं यायचं? काहीतरी कारण नको का?"

टेलरमास्तर आपल्या पायाकडे बघू लागले आणि काकांनी रुमाल कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

सरांनी सूप बाजूला ठेवलं आणि खिशातून पेन काढलं. लालच होतं. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही माल कोणता आणि किंमत कोणती, तेच ओळखलं नाहीत. शिडी हा माल नव्हे. ही सतरंजी हा माल. आणि इथे बसायला मिळावं म्हणून हे लोक जी शिडी उचलत होते, ती किंमत."

माझ्या काही ध्यानात येईना. तेव्हा त्यांनी माझ्याच कागदामागे नव्यानं आखलं. समोरच्या टेलरमास्तरांना शिडी दोन पावलं न्यायची, म्हणजे किंमत थोडी. ते रोज येत. काकांना एक मजला, ते दिवसाआड. नर्सबाईंना तीन मजले, त्या आठवड्यातून एकदा. आणि शिडी उचलायचीच बंद झाली, किंमत शून्यावर आली, तेव्हा नर्सबाईसुद्धा रोज. वाटीचं ताट आणि ताटाचं सूप केलंत तेव्हा तुम्ही किंमत वाढवली नव्हती, तुम्ही त्याच किमतीत जास्त वेळ बसू दिलंत. मग मागणी वाढेल नाहीतर काय होईल? त्यांनी ठिपके जोडले. रेघ डावीकडून उजवीकडे अशी अलगद उतरली, की मुलं त्यांना उतारसर का म्हणत ते मला कळलं. त्या रेघेकडे बघताना त्यांचा चेहरा नातवाकडे बघावा तसा झाला होता.

"नियम कुठे जात नाही," ते म्हणाले. "माल ओळखावा लागतो." आणि लाल शाईनंच खाली 'मान्य' लिहून सही केली.

मामंजी दाराबाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर ते पाटीपुढे उभे होते. एवढ्या वर्षांनी तिच्याकडे सरळ बघत होते. त्यांनी त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं, धुळीचा कण असल्यासारखं काहीतरी पुसलं आणि म्हणाले, "आता बरोबर आहे." बाकी पदवीदानाला वगैरे मी गेले, झगा घातला, फोटो काढला. फोटोत मी डोळे मिटलेत. खरी पदवी मला दारातच मिळाली होती.

सर जाताना सोललेल्या दाण्यांचा डबा घेऊन गेले. रिकामा डबा परत करायला आले तेव्हा पुन्हा बसले. त्यानंतर त्यांचा डबा आमच्याकडे आणि आमचा त्यांच्याकडे, असं मटारचा मोसम संपेपर्यंत चाललं. त्यांच्या कोटाची बाहीही टेलरमास्तरांनी सारखी करून दिली.

आता त्यातलं फारसं कोणी राहिलं नाही. मामंजी गेले, हे गेले, काका गेले, टेलरमास्तर मुलाकडे राहायला गेले ते तिकडेच. आता घरोघरी ॲल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आहेत आणि दिवे बदलायला माणूस येतो. मटार तर सोललेलेच मिळतात. पिशवी कापली की दाणे भांड्यात. सगळं स्वस्त झालं, पण कोणाला कोणाकडे जायचं कारण उरलं नाही. हे कोणत्या नियमात बसतं ते विचारायला आता उतारसरही नाहीत.

मी मात्र अजून शेंगाच आणते. एका माणसाला लागतात त्याहून जरा जास्तच आणते. शिडी दारामागे उभी आहे. तिची खालची पायरी निखळली आहे, तरी मी ती मोडीत काढलेली नाही.

परवा दुपारी कडी वाजली. नर्सबाई होत्या. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. तीन जिने उतरून आल्या होत्या, त्याची धाप चालली होती. दम जरा खाली बसल्यावर म्हणाल्या, "काय हो, शिडी मोकळी आहे का?"

"आत्ताच एकानं नेलीय," मी म्हटलं. "येईल एवढ्यात. तोवर बसा."

त्या बसल्या. मी सूप दोघींच्या मध्ये ठेवलं. शिडी दारामागे होती तिथेच होती. तिच्याकडे दोघींनीही बघितलं नाही.